कार्बोरेटर साफ केला, चार दिवस चाललं, पुन्हा तेच

चोक ओढून दोरी मारली की इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू. चोक सोडत आणला की खोकतं, दोन गचके देतं आणि बंद. अर्ध्या चोकवर ठेवलं तर चालतं, पण फवारणीची गन उघडली की दम तुटतो. एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या फवारणी पंपाला जोडलेलं छोटं पेट्रोल इंजिन ज्यांच्या शेडमध्ये आहे, त्यांना हे वाचून एकतर हसू येईल नाहीतर तोंडात शिवी.

आमची बाग पिंपळगाव बसवंतपासून थोडी आत. अडीच एकर द्राक्ष. ट्रॅक्टर आणि ब्लोअर भाड्याने मिळतो, पण पाऊस पडून गेल्यावर सगळ्या शिवाराला तो एकाच सकाळी हवा असतो. म्हणून घरचं इंजिन, घरचा एचटीपी, दोनशे लिटरचा ड्रम आणि लांब नळी. इंजिन होंडाच्या जीएक्स १६० च्या धाटणीचं, म्हणजे १६३ सीसी, चार स्ट्रोक. या धाटणीची इंजिनं आपल्याकडे पाण्याच्या पंपावर, टिलरवर, जनरेटरवर सगळीकडे आहेत. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते बऱ्याच जणांना जसंच्या तसं लागू पडेल.

मागच्या पावसाळ्यात हे इंजिन ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात चार वेळा बंद पडलं. पहिल्या तिन्ही वेळा नाक्यावरच्या मिस्त्रीकडे नेलं. त्याने कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलला, स्प्रे मारला, हवा मारली, बसवला. इंजिन झकास. चार-सहा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "नाना, आता कार्बोरेटरच बदलून टाका, हा गेला." मीही बदलायला निघालोच होतो. त्याचं काम वाईट नव्हतं हे आधीच सांगतो. तो जे साफ करत होता ते नीटच साफ करत होता. घाण येतेय कुठून हे विचारायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नव्हतं.

चौथ्यांदा बंद पडलं ते छाटणी झाल्यावर, वेलीचे डोळे फुगून पोंगा अवस्थेला, म्हणजे फुटायला, आले असताना, आणि रात्री पाऊस झाला होता. डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने सकाळी सातला औषध कालवून तयार. इंजिन साडेसातला बंद. त्या दिवशी शेजारच्याचं इंजिन आणून वेळ निभावली आणि दुपारी जेवण झाल्यावर मी स्वतःच खोलायला बसलो.

आधी न खोलता बघायच्या गोष्टी

बरेच जण थेट पाना घेऊन कार्बोरेटरवर जातात. मीही जात होतो. पण चोक ओढल्यावर चालणं आणि सोडल्यावर बंद पडणं याचा अर्थ एवढाच की सिलिंडरला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पोचतंय. चोक हवा अडवतो आणि उणीव झाकतो. पेट्रोल कमी का पोचतंय, याचं कारण टाकीच्या झाकणापासून कार्बोरेटरमधल्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या, भोकापर्यंत कुठेही असू शकतं.

म्हणून पहिल्यांदा झाकण. टाकीच्या झाकणाला बारीक श्वासाचं छिद्र असतं. ते धुळीने आणि औषधाच्या शिंतोड्यांनी बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, आणि पेट्रोल उतरायचं हळूहळू थांबतं. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चांगलं चालून मग मरत असेल, थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होत असेल, तर झाकण सैल करून बघा. सैल केल्यावर चालत राहिलं तर काम संपलं, पाना पेटीत ठेवा.

दुसरं ऑइल. या धाटणीच्या बऱ्याच इंजिनांना ऑइल कमी झालं की स्पार्क तोडणारा सेन्सर असतो. बांधावर इंजिन तिरकं ठेवलं की ऑइल पुरेसं असूनही सेन्सरला ते कमी वाटतं. असं इंजिन बंद पडतं तेव्हा खोकत नाही, पटकन बटण दाबल्यासारखं मरतं. सपाट जागी ठेवून ऑइल गळ्यापर्यंत आहे का बघा. या इंजिनात जेमतेम ०.६ लिटर मावतं, त्यामुळे पावशेर कमी म्हणजे बरंच कमी. आमच्या गल्लीतल्या एकाने या कारणापायी दोन वेळा कार्बोरेटर धुतलाय. नाव सांगत नाही, तो हे वाचेल.

मग एअर फिल्टर आणि प्लग. फिल्टरचा स्पंज औषधाच्या धुक्याने आणि मातीने चोंदलेला असेल तर लक्षण उलटं दिसतं: काळा धूर, काजळीने काळा ओला प्लग, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पेट्रोल कमी पडत असेल तर प्लगचं टोक कोरडं आणि पांढुरकं होतं. फरक डोळ्यांना लगेच कळतो. प्लगमधलं अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटर. ते फीलर गेजने मोजा, अंदाजाने वाकवू नका.

आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यात कामाची तपासणी: कार्बोरेटरच्या वाटीला खाली किंवा बाजूला पेट्रोल काढायचा एक बोल्ट असतो. त्याखाली काचेची स्वच्छ बाटली धरा, कॉक चालू ठेवा आणि बोल्ट सैल करा. आधी वाटीतलं पेट्रोल येईल, मग टाकीतून येणारी धार लागेल. धार सलग राहिली पाहिजे. सुरुवातीला जोरात येऊन थेंबावर आली, तर कॉकची जाळी, नळी किंवा झाकण यांपैकी काहीतरी तुंबलंय, आणि तुम्ही जेट कितीही चाटूनपुसून साफ केला तरी काही होणार नाही. बाटली तशीच अर्धा तास सावलीत ठेवून द्या. तळाशी काय बसतं ते बघायचंय.

माझ्या बाटलीत धार सलग होती. तळाशी मात्र पांढरा गाळ बसला, चिमूटभर, पिठासारखा.

खोलताना

इंजिन गार होऊ द्या. कॉक बंद. बिडी-सिगरेट, गॅस, देवघरातला दिवा यांच्यापासून लांब, मोकळ्या हवेत बसा. मी पडवीत बसलो आणि खाली घ्यायला घरातून परात आणली. "अहो, ती कणकेची आहे," असा आवाज आला, तेव्हा ती परत देऊन जुनं स्टीलचं ताट घेतलं. ताट हवंच. फ्लोटची (वाटीत तरंगणाऱ्या तुकड्याची) पिन आणि जेट मातीत पडले की संध्याकाळपर्यंत शोधत बसाल.

आधी मोबाईलवर तीन-चार बाजूंनी फोटो काढा. गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या भागाची) काडी आणि तिच्या शेजारची केसासारखी बारीक स्प्रिंग कुठल्या भोकात आहे, हे फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. काडी वाकवून ओढू नका. कार्बोरेटर खिळ्यांवरून निम्मा बाहेर काढून थोडा फिरवला की ती आपोआप निघते. एअर फिल्टरचा डबा काढल्यावर दोन १० मिलिमीटरचे नट. त्यामागे गॅस्केट, कार्बोरेटर, गॅस्केट, मग काळा बॅकेलाइटचा ठोकळा, पुन्हा गॅस्केट, मग सिलिंडर. ही गॅस्केटं दिसायला सारखी असतात, पण त्यांची भोकं सारखी नसतात. ज्या क्रमाने आणि ज्या तोंडाने निघाली तशीच ताटात मांडून ठेवा. उलटं बसलेलं गॅस्केट हवा तरी ओढतं नाहीतर वाट तरी अडवतं, आणि नवं दुखणं सुरू होतं.

वाटीचा खालचा बोल्ट काढला. वाटी हातात आली आणि मी थांबलो. तळाला पांढरी साय धरली होती, कडेला किंचित निळसर झाक. नखाने खरवडली तर भिंतीच्या चुन्यासारखी पापुद्र्याने निघाली. जुन्या पेट्रोलची घाण मी पाहिलेली आहे. ती पिवळी-तपकिरी, चिकट, वार्निशसारखी असते आणि तिला आंबूस वास येतो. ही तसली नव्हती. स्प्रे मारला तरी विरघळली नाही, नुसती जागची हलली.

निळसर पांढरं म्हटल्यावर द्राक्षवाल्याच्या डोक्यात एकच गोष्ट येते. मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो, बुरशीवरचं औषध.

थोडी पूड कागदावर काढून पेट्रोल पूर्ण उडेपर्यंत उन्हात वाळवली आणि तिच्यावर लिंबू पिळलं. बारीक फेस आला. चुना हवेत पडून राहिला की त्याचा चुनखडीसारखा कार्बोनेट होतो आणि आंबट लागलं की फसफसतो. धातूच्या गंजाची पांढरी पूड सहसा एवढी फसफसत नाही. आता हे वाचून कुणी कार्बोरेटर लिंबाच्या रसात बुडवू नका. त्याचं अंग जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, आंबटाने ते खाल्लं जातं. लिंबू फक्त ओळख पटवायला.

नोंदवही

आमच्याकडे निर्यातीच्या मालासाठी फवारणीची नोंदवही ठेवावी लागते. तारीख, औषध, प्रमाण, पाणी किती, सगळं. मला सवय अशी की त्याच ओळीच्या शेवटी मी पेट्रोल किती भरलं तेही लिहितो. त्या रात्री वही घेऊन बसलो. इंजिन बंद पडल्याच्या चार तारखा पेन्सिलने खूण केल्या आणि वर बघत गेलो. चारही वेळा, बंद पडायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत, बोर्डो मारलेलं होतं. बाकीच्या बुरशीनाशकांनंतर एकदाही नाही.

बोर्डो तयार करताना मोरचूद वेगळं विरघळवतो, कळीचा चुना वेगळा विझवतो. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाण्यामागे एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. चुन्याचं दूध फडक्यातून गाळून ड्रममध्ये ओतायला शेडमध्ये एक मोठं प्लास्टिकचं नरसाळं आहे. काम झालं की त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि खिळ्याला अडकवायचं. वाळलं की त्याला आतून पांढरी झिलई राहते. आणि त्याच खिळ्यावरचं तेच नरसाळं काढून मी टाकीत पेट्रोल भरत होतो. पेट्रोलने ती झिलई सुटायची आणि टाकीत जायची.

बोर्डो लोखंडाच्या भांड्यात करत नाहीत हे आपल्याला पाठ असतं. ते ज्यातून ओतलं त्यातून पेट्रोल ओतू नये हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी का सांगावं!

टाकीच्या तोंडाला जाळी असते, मग ती का नाही अडवली? कारण ती मीच काढून ठेवली होती. पेट्रोल भरताना उसळतं म्हणून. आणि कॉकच्या खाली जी छोटी गाळाची वाटी असते, प्लास्टिकची, १० च्या पान्याने खुलणारी, ती गच्च भरलेली निघाली. तिन्ही वेळा ती कुणी उघडलीच नव्हती. मिस्त्रीकडे मी इंजिन न्यायचो ते टाकी रिकामी करून, म्हणजे तिथे ते त्याच्या बाटलीतल्या स्वच्छ पेट्रोलवर चालायचं. घरी आणून मी पुन्हा त्याच नरसाळ्यातून भरायचो.

आता साफसफाई, पण नीट

फ्लोटची पिन एका बाजूने ढकलली की फ्लोट आणि त्याला अडकलेली सुई निघते. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय, बदला. सुईचं टोक रबराचं असतं. त्यावर उजेडात बघा. गोल खाच पडली असेल तर ती पेट्रोल रोखणार नाही, वाटी ओसंडेल आणि एअर फिल्टर पेट्रोलने भिजेल. अशा सुईला घासून सरळ करायच्या भानगडीत पडू नका. ती स्वस्त असते.

मेन जेट वाटीच्या मधल्या खांबात असतो, पितळेचा. त्याच्या खाचेत अचूक बसणारा रुंद स्क्रूड्रायव्हर घ्या. अरुंद घेतला की पितळ सोलतं आणि मग जेट निघतही नाही आणि बसतही नाही. जेट निघाला की कार्बोरेटर उलटा करून हलकं ठोका; आतली लांब पितळी नळी, जिच्या अंगाला बारीक भोकं असतात, ती खाली पडेल. पुष्कळ जण ही नळी काढतच नाहीत. त्या बाजूच्या भोकांतून पेट्रोलमध्ये हवा मिसळते. ती बुजली की जेट कितीही साफ असला तरी भार आल्यावर इंजिन अडखळतं.

जेट आकाशाच्या दिशेने धरा आणि एक डोळा मिटून बघा. भोक पाऊण मिलिमीटरच्या आसपासचं असतं. ते चंद्रासारखं स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. कडेला केस किंवा कोर दिसली तरी घाण आहे. माझ्या जेटमध्ये गोलाऐवजी सुपारीच्या फोडीसारखा आकार दिसत होता.

साफ करायला दाभण, सुई, वेल्डिंगची तार काहीही घालू नका. पितळ मऊ असतं, लोखंडाने भोक मोठं होतं. मोठं झालेलं भोक परत लहान होत नाही, मग इंजिन काळा धूर सोडतं आणि पेट्रोल पितं, आणि पुढचे सहा महिने आपण प्लग बदलत बसतो. इलेक्ट्रिकच्या मऊ वायरीतली तांब्याची एक केसासारखी तार घ्या. तीही रेटायची नाही, नुसती आरपार सरकवायची. मग कार्बोरेटरचा स्प्रे, मग हवा. हवा नेहमीच्या वाटेच्या उलट दिशेने. घरी कॉम्प्रेसर नसेल तर पंक्चरवाल्याकडे जा. तोंडाने फुंकू नका. पेट्रोल तोंडात जातं आणि फुंकीतली ओल आत राहते.

आता पायलट जेट. माझं सगळं दुखणं खरं तर इथे होतं. या धाटणीच्या कार्बोरेटरला आयडलचा स्क्रू काढला की त्याच्याखाली एक छोटा जेट दिसतो, तो हलक्या हाताने वर ओढून काढायचा. त्याचं भोक मेन जेटच्या निम्म्याएवढं, म्हणून बारीक पूड पहिल्यांदा तिथेच अडकते. गव्हर्नर असलेलं इंजिन हलक्या भारावर चालतं तेव्हा बटरफ्लाय (गळ्यातली वाट उघड-बंद करणारी चकती) जवळजवळ मिटलेला असतो आणि पेट्रोल मुख्यतः याच वाटेने येतं. म्हणून पायलट बुजला की इंजिन गन बंद असताना एकसारखं वर-खाली होतं, घुंऽऽ-घूं, घुंऽऽ-घूं, झोपेत घोरणाऱ्यासारखं. मेन जेट बुजला की उलट: मोकळं बरं चालतं, भाराला बसतं. माझ्याकडे दोन्ही होतं. कानाने फरक ओळखता आला की निम्मं काम वाचतं.

पायलटची वाट पुढे गळ्यात, बटरफ्लायजवळ, दोन-तीन अगदी बारीक छिद्रांतून उघडते. जेट काढलेल्या जागी स्प्रेची नळी लावून मारा आणि सगळ्या छिद्रांतून धार येते का बघा. एखादी मुकी राहिली तर हवा आणि स्प्रे आळीपाळीने मारत राहा. चष्मा घाला. ही धार कुठून बाहेर येईल सांगता येत नाही आणि डोळ्यात गेली तर तडक डॉक्टर.

स्प्रे मारायच्या आधी रबराची प्रत्येक वस्तू बाजूला काढा. वाटीची गोल रबरी रिंग पेट्रोल आणि स्प्रे पिऊन फुगते आणि खाचेत बसेनाशी होते. अशी रिंग ओढूनताणून बसवली की ती चिमटते आणि गळते. तासा-दोन तास मोकळ्या हवेत पडू द्या, बहुतेक वेळा ती पुन्हा आखडून मापात येते. नाही आली तर नवी. रात्रभर थिनरमध्ये अख्खा कार्बोरेटर बुडवून ठेवायची जी पद्धत आहे ती मला पटत नाही. आतली प्लास्टिकची आणि रबराची बारीकसारीक कामं त्यात खराब होतात.

मिश्रणाच्या स्क्रूला टोपी असेल तर तिला हात लावू नका. टोपी नसलेला स्क्रू काढायचाच असेल, तर आधी तो आत अलगद टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा आणि बसवताना तेवढेच फेरे बाहेर आणा. टेकल्यावर आवळायचा नाही, टोकाला खाच पडते.

बटरफ्लायचा दांडा बोटांनी हलवून बघा. वर-खाली खुळखुळत असेल तर तिथून फुकटची हवा आत जाते आणि साफसफाईने ते दुखणं जात नाही. असा कार्बोरेटर बदलण्याच्याच लायकीचा. बदलायचा झाला तर जेटवरचा नंबर जुन्याशी जुळवून घ्या. बाजारात मिळणाऱ्या नक्कल कार्बोरेटरमध्ये दिसायला सगळं तेच असतं, जेट मात्र कुठलाही असतो. आणि "नाशिकची हवा विरळ, जेट मोठा घाला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एक म्हणजे विरळ हवेला जेट लहान लागतो, मोठा नाही. दुसरं, आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहोत. उंचीने ताकद थोडी कमी होते, दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के; पण एवढ्यासाठी जेट बदलायचं कारण नाही.

बसवल्यावर लगेच दोरी मारू नका. कॉक उघडून अर्धा तास नुसतं ठेवा, खाली पांढरा कागद. कागद कोरडा राहिला तर सुई आणि रिंग ठीक. माझ्या वेळी कागदावर एक थेंब पडला, बोल्टचा वॉशर उलटा बसला होता. तो सरळ केला, मग सुरू केलं. चोक सोडल्यावर एकदाच खोकलं, आतली हवा बाहेर पडली असावी, आणि मग एका सुरात लागलं.

टाकी काढून दोनदा पेट्रोलने खळबळून घेतली, कॉकची गाळवाटी आणि तिच्यावरची जाळी धुतली, तोंडाची जाळी परत बसवली. हे सगळं कार्बोरेटर बसवायच्या आधी. क्रम उलटा केला तर सगळी मेहनत पहिल्याच लिटरमध्ये पाण्यात.

पाण्यावरून आठवलं

डिसेंबरमध्ये एका सकाळी पुन्हा गचके. माझ्या पोटात गोळाच आला. निफाडकडची थंडी सगळ्यांना माहीत आहे, पारा दहाच्या खाली जाणं आपल्याकडे नवं नाही. यावेळी मी पाना न उचलता बाटली उचलली. खालच्या बोल्टातून पेट्रोल काढलं आणि कॅनमधलंही थोडं दुसऱ्या बाटलीत घेतलं. दोन्हींत तळाशी बोटभर वेगळा थर. बाटली तिरकी केली की तो थर वेगळा डोलत होता.

२०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर आलं. इथेनॉल पाणी पोटात घेतं, थोडं असलं तर मिसळून जळूनही जातं. पण मर्यादेच्या बाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळं बसतं. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते, म्हणून जे पेट्रोल दिवसा ठीक होतं ते पहाटे फुटतं, दूध नासावं तसं. टाकीचा कॉक तळाला असतो, म्हणजे इंजिनाला आधी तेच मिळतं. हलवून मिसळायचा प्रयत्न करू नका, ते टिकत नाही. ते पेट्रोल इंजिनासाठी संपलं. आणि ते मोरीत किंवा वावरात ओतूही नका.

पाणी आलं कुठून? कॅनचं झाकण. आतली रबरी चकती हरवली होती, कॅन पावसाळाभर शेडच्या कडेला, पागोळ्यांखाली. नवा कॅन घेतला, पेट्रोलसाठीच बनवलेला, आणि आता एका वेळी पाच लिटरच आणतो. महिन्याच्या वर पडलेलं पेट्रोल इंजिनात घालत नाही. मोटारसायकललाही नाही.

दोन स्ट्रोकवाल्यांसाठी थोडं

पाठीवरचा पॉवर स्प्रेयर किंवा दोन स्ट्रोकचा ब्रश कटर असेल तर त्याचा कार्बोरेटर बऱ्याचदा वेगळा असतो. त्यात वाटी नाही, फ्लोट नाही. कागदासारखे पातळ पडदे असतात आणि तेच पेट्रोल ओढतात. यात स्प्रे मारायचा तर पडदे काढून, आणि जोराची हवा तर मारायचीच नाही, पडदा ताणला जातो. पडदा बोटाला मऊ लागला पाहिजे. कडक होऊन कडकड वाजला तर नवा संच टाका. टाकीत नळीच्या टोकाला एक छोटा फिल्टर लोंबत असतो, तो आकड्याने बाहेर काढून बघा, निम्मी दुखणी तिथेच सापडतात. ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल तेच. आणि सगळे ब्रश कटर दोन स्ट्रोकचे नसतात. होंडाचा जीएक्स ३५ चार स्ट्रोकचा आहे, त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही. आमच्या पुतण्याने मिसळलं होतं. तीन दिवस धूर, आणि दोष कार्बोरेटरला.

एवढं सगळं करूनही चोक सोडल्यावर बंद पडत असेल, तर गार इंजिनावर व्हॉल्व्हचं अंतर मोजून घ्या. जीएक्स १६० ला इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर. तेही बरोबर असेल तर मिस्त्रीकडे जा, पण जाताना टाकी रिकामी करू नका. तुमच्याच टाकीतलं, तुमच्याच कॅनमधलं पेट्रोल त्याला दाखवा.

बोर्डोचं नरसाळं अजून त्याच खिळ्याला आहे. पेट्रोलचं वेगळं आणलं, लाल, जाळीवालं, आणि ते घरात पत्र्याच्या पेटीत असतं. परवा त्यातून कुणीतरी समईचं तेल बाटलीत भरलेलं दिसलं. विचारलं तर कुणीच नाही.